तेहेतीस फुटांची साखळी आणि शेताचे चार कोपरे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत दोन चुलत भाऊ वाटणीसाठी टेप घेऊन रानात उतरले होते. मी तेव्हा एका परवानाधारक सर्व्हेयरच्या हाताखाली शिकत होतो आणि त्या दिवशी शेजारच्या रानात आमची मोजणी चालू होती. थोरल्यानं बांधावरूनच हाक मारली, "अरे बाळ, तू शिकतोयस न्हवं ते? जरा आमचा हिशेब बघ की."

त्यांनी चारी बांध मोजले होते. प्रत्येक बाजू 330 फुटांच्या आसपास भरत होती. 330 गुणिले 330, भागिले 1089, म्हणजे 100 गुंठे, अडीच एकर. उताऱ्यावर मात्र 2 एकर 7 गुंठे. तेरा गुंठे कमी! धाकट्याचं म्हणणं, कागद करणाऱ्यानं घोळ घातला. थोरल्याचा संशय पलीकडच्या बांधकऱ्यावर. दोघांचे आवाज चढले होते.

मी त्यांच्याकडून टेप घेतला आणि आडवा, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरायला सांगितला. तोही 330 च्या आसपासच भरला. तिथंच सगळं कळलं. रान चौकोनी होतं, पण काटकोनात नव्हतं. एका अंगाला कललेलं होतं. जुनी बाज सैल झाली की कशी कलते ते आठवा. चारी लाकडं तेवढीच राहतात, लांबी तसूभर कमी होत नाही, पण बाज जितकी कलेल तितकी आतली जागा कमी होते. चारी बाजू 330 फूट आणि एक कर्णही 330 फूट असेल तर ते दोन समभुज त्रिकोण झाले. त्यांचं क्षेत्रफळ साडेशहाऐंशी गुंठ्यांच्या जरा वर, म्हणजे उताऱ्यावरच्या आकड्याला अगदी लागून. कुणी काही खाल्लं नव्हतं.

आमच्या भागात अजूनही सर्रास असंच मोजतात. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, दुसऱ्या दोन बाजूंची काढायची, गुणाकार करायचा. शेत बरोबर काटकोनात असेल तरच हे उत्तर खरं. नसेल तर ते खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. म्हणून सगळ्यांनाच वाटतं की आपली जमीन कुणीतरी दाबली आहे. किती भावकीत बोलणं बंद झालंय या गुणाकारापायी! मोजणीची यंत्रं शिकण्याआधी एवढं मनात पक्कं बसायला हवं: चार कोपऱ्यांच्या शेताच्या चारच बाजू मोजल्या तर त्याचं क्षेत्रफळ ठरत नाही. पाचवं माप लागतं, कर्णाचं.

साखळी आणि गुंठा

बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडे होता. इथली जमीन मोजली गेली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं. विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात ती पद्धत बसवायला घेतली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम ठरले. त्या मोजणीचं मुख्य हत्यार म्हणजे 33 फुटांची लोखंडी साखळी. इंग्लंडात गुंटर नावाच्या गणितज्ञानं 1620 मध्ये 66 फुटांची साखळी काढली होती, तिच्या बरोबर निम्मी. आपल्या साखळीचे भाग मात्र शंभर नाहीत, सोळा. एका भागाला आणा म्हणायचं. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे.

33 हा आकडा का, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा घ्या. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे 43,560 चौरस फूट, एक एकर. फूट, इंच काही मध्ये न आणता साखळ्यांचा गुणाकार केला की थेट गुंठे निघतात.

आता ते पाचवं माप कसं घ्यायचं बघा. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ धरायची. समजा ती 10 साखळ्या भरली. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून या रेघेवर काटकोनात अंतर मोजायचं. त्याला लंब म्हणतात, ऑफसेटही म्हणतात. समजा एका बाजूचा लंब 4 साखळ्या आणि दुसऱ्या बाजूचा 3. दोन्ही लंबांची बेरीज 7, गुणिले 10, त्याचं निम्मं: 35 गुंठे. झाला हिशेब. शेताला सहा कोपरे असोत की बारा, मधून एक रेघ धरायची आणि प्रत्येक कोपऱ्याचा लंब त्या रेघेवर टाकायचा. सगळं रान त्रिकोणांत आणि पट्ट्यांत फुटतं, मग बेरीज.

लंब बरोबर काटकोनात पडतो की नाही हे बघायला शंकू असतो. इंग्रजीतला क्रॉस स्टाफ तो हाच. काठीच्या टोकावर लाकडी नाहीतर पितळी डोकं, त्याला आरपार उभ्या फटी, एकमेकींना काटकोनात. काठी रेघेवर रोवायची. एका फटीतून रेघेच्या टोकाची लाल-पांढरी काठी दिसली पाहिजे. मग डोकं न हलवता दुसऱ्या फटीतून बघायचं, शेताचा कोपरा दिसतो का. नाही दिसला तर रेघेवरूनच दोन पावलं पुढं, नाहीतर मागं. पहिल्या दिवशी मी एका कोपऱ्यासाठी पाऊण तास मागं-पुढं केला होता. भाताची कापणी झालेली, धसकटं पायाला टोचत होती, आणि फटीतून एकदा झाड दिसे, एकदा म्हैस. कोपऱ्यावरचा दगड ज्या क्षणी त्या फटीत येऊन बसला तो क्षण मला अजून आठवतो.

शंकू नसला तरी अडत नाही. टेपचं शून्य कोपऱ्याच्या दगडावर धरा आणि दुसरं टोक रेघेवर डावी-उजवीकडे झुलवा. जिथं आकडा सगळ्यांत कमी येतो तिथंच काटकोन आहे. कोपऱ्यापासून रेघेपर्यंतचं सगळ्यांत जवळचं अंतर म्हणजेच लंब. यात वीतभर इकडेतिकडे झालं तरी क्षेत्रफळात नावापुरताही फरक पडत नाही.

टिप्पण वाचायला शिका

जुन्या मोजणीचा कागद म्हणजे टिप्पण. सर्व्हे खात्यातून त्याची नक्कल मिळते आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्यानं ती एकदा तरी हातात घेऊन बघावीच. त्यात मधली रेघ काढलेली असते, तिच्या दोन्ही अंगांना लंब, आणि प्रत्येकाजवळ आकडे. 10-8 असं लिहिलं असेल तर 10 साखळ्या 8 आणे, म्हणजे साडेदहा साखळ्या, म्हणजे साडेतीनशेला साडेतीन फूट कमी. टिप्पणातलं चित्र प्रमाणात काढलेलं नसतं. त्यावर फूटपट्टी लावून अंतर काढू नका. खरे असतात ते त्यातले आकडे.

'आणा' या शब्दानं गोंधळ होतो, कारण तो दोन ठिकाणी येतो. लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग, दोन फूट आणि पाऊण इंच. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, सुमारे 68 चौरस फूट. टिप्पणात पहिला, पहाणीत दुसरा.

पहाणी, म्हणजे आपला उतारा, कन्नडमध्ये असते म्हणून आपली बरीच माणसं ती न वाचताच घडी घालून पिशवीत ठेवतात. पण त्यातले शब्द आपल्या कानाला परके नाहीत. आकारबंद, हिस्सा, खराब, टिप्पण, हद्दुबस्त: कन्नड अक्षरं लागली की शब्द ओळखीचे निघतात. खराबापुढं 'अ' असेल तर खडकाळ, पिकाला निरुपयोगी जागा. 'ब' असेल तर ओढा, वाट अशी सार्वजनिक वापराची जागा. वाटणी करताना हा खराबा कुणाच्या अंगावर येतो ते आधी बघावं.

क्षेत्राचा आकडा वाचताना एक चूक फार होते. पहाणीत 2-20 दिसलं की शिकलेली मुलं 2.2 एकर म्हणून मोकळी होतात. ते 2 एकर 20 गुंठे आहे, म्हणजे अडीच एकर. आणि ज्यांची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, थोडी निपाणीकडे आणि थोडी कागलकडे, त्यांना तर दुहेरी कसरत. महाराष्ट्राच्या सात-बारावर हेक्टर आणि आर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा 101.17 चौरस मीटर. बोलताना लोक आरालाच गुंठा म्हणतात, एक-दोन आरांत ते खपूनही जातं. पण एक हेक्टर म्हणजे 100 गुंठे धरले तर चुकलं, ते 98.84 गुंठे होतात. सवा गुंठ्याच्या जवळपास फरक. रस्त्याकडेच्या जागेत सवा गुंठा म्हणजे घर बसतं.

आपल्याकडे कर्नाटकात मोजणीचा अर्ज कुठला करायचा हेही इथंच सांगतो. हद्द कुठं आहे ते दाखवून हवं असेल तर हद्दुबस्त. एका सर्व्हे नंबरचे तुकडे पाडून वेगळे हिस्से करायचे असतील तर पोडी. सर्व्हे नंबरचा एखादा भागच विकायचा असेल तर 11-ई नकाशा लागतो. तिन्हींचं काम वेगळं, त्यामुळं काय हवंय ते आधी ठरवून मगच अर्ज भरावा.

उतारावरची जमीन

कणकुंबी, जांबोटीकडच्या रानात मोजणी करायला गेलं की पहिला वाद उताराचा. नकाशातलं क्षेत्र हे सपाट धरलेलं असतं. वरून बघितल्यावर जमीन जेवढी दिसेल तेवढं. टेकडीच्या अंगाला टेप जमिनीवर टाकून मोजलं तर जास्त भरणारच. 30 मीटर टेप उतारावर टाकला आणि तेवढ्यात 6 मीटर चढ असेल तर आडवं अंतर 29.39 मीटर. एका टेपात 61 सेंटिमीटर. 300 मीटरच्या बांधात सहा मीटर! "माझ्या बापानं स्वतः मोजलेलं हाय," असं म्हातारी माणसं सांगतात, आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांनी जमिनीला टेप लावून मोजलेलं असतं.

यावर उपाय गवंड्याच्या पिशवीतच आहे. ओळंबा. उतारावरून खाली येताना टेपचं शून्य वरच्या खुणेवर जमिनीला धरायचं, दुसरं टोक कमरेइतक्या उंचीवर नेऊन टेप आडवा ताणायचा आणि त्या टोकाला ओळंबा सोडायचा. ओळंब्याचं टोक जिथं टेकेल तिथं खूण. तिथून पुढची पायरी. पाच-पाच मीटरच्या पायऱ्या घ्या, घाई करू नका. टेप आडवा आहे की नाही हे धरणाऱ्याला कळत नाही. बाजूला दहा पावलांवर उभं राहिलेल्याला कळतं. म्हणून तिसरा माणूस लागतोच.

टेपच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक सांगतो. आमच्या कापडी टेपचं टोक फाटलं होतं, म्हणून आम्ही शून्याऐवजी 1 फुटावर धरून मोजत होतो आणि वाचताना एक वजा करत होतो. दुपारी धरणारा पोरगा बदलला. त्याला हे कुणी सांगितलंच नाही. चार रेघा एक-एक फुटानं चुकल्या. संध्याकाळी आकडे जुळेनात तेव्हा सगळं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रान. मोठ्या चुका या अशाच असतात: चुकीचं शून्य, मोजताना एक साखळी विसरणं, 6 चा 9 वाचणं. उन्हानं पोलादी टेप वाढतो म्हणून काहीजण फार काळजी करतात. 20 अंश तापमान वाढलं तर 30 मीटर टेप जेमतेम 7 मिलिमीटर वाढतो. शेताच्या मोजणीत त्याकडे बघायची गरज नाही. उतार आणि विसरलेली साखळी, यांच्याकडे बघा.

आजची यंत्रं

तिपाईवर बसवलेलं पिवळं नाहीतर हिरवं यंत्र आणि समोर काठीवर आरसा धरून उभा असलेला माणूस, हे दृश्य आता सगळ्यांनी बघितलेलं असतं. ते टोटल स्टेशन. ते दोनच गोष्टी मोजतं, कोन आणि अंतर. त्यातून निघालेले अवरक्त किरण काठीवरच्या प्रिझमवर आपटून परत येतात. गेलेल्या आणि आलेल्या लहरींतल्या फरकावरून अंतर निघतं. यंत्र किती वर-खाली झुकलंय तो कोनही त्याला कळतो, त्यामुळं उताराचं आडवं अंतर ते आपणच काढून देतं. आमचं ओळंब्याचं सगळं काम एका बटणात. पण समोरचं दिसलं पाहिजे. ऊस उभा असताना टोटल स्टेशन लावून काही उपयोग नाही. तोडणी होऊ द्यावी, मग मोजणी लावावी. प्रिझमचा स्थिरांकही, म्हणजे प्रिझमपायी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती, यंत्रात बरोबर भरावा. तो कंपनीगणिक वेगळा असतो आणि चुकला तर प्रत्येक अंतरात तेवढीच चूक शिरते.

दुसरं यंत्र म्हणजे रोव्हर, काठीवरच्या छत्रीसारखा दिसणारा. तो उपग्रहांकडून जागा काढतो. आपल्या मोबाइलमध्येही तेच तंत्र असतं, मग फरक कुठं? मोबाइल एकटा असतो, म्हणून त्याची जागा उघड्या माळावरही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होते. रोव्हरला जोडीदार असतो: आधीच जागा माहीत असलेल्या बिंदूवर बसवलेलं दुसरं केंद्र. ते केंद्र सतत सांगत असतं की उपग्रह मला आत्ता एवढ्यानं चुकीचं दाखवतायत, तेवढी दुरुस्ती करून घे. त्यामुळं रोव्हरची चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागानं कर्नाटकात अशी कायमची केंद्रं उभी केली आहेत. काजूच्या दाट बागेत किंवा जंगलाच्या कडेला मात्र आभाळ झाकलं जातं आणि रोव्हर अडखळतो. तिथं टोटल स्टेशनच बरं.

मोबाइलवर दिशांक नावाचं सरकारी ॲप आहे. आपण उभे आहोत ती जागा कुठल्या सर्व्हे नंबरात येते ते त्यात दिसतं. नंबर शोधायला ते फार उपयोगी आहे. पण त्यावरची रेघ बघून बांध सरकवायला निघालेली माणसं मी बघितली आहेत. कृपा करून हे करू नका. गुंठ्याची बाजूच दहा मीटर, आणि मोबाइलची चूक तीन ते पाच मीटर. त्यात दगड कुठं रोवायचा?

रोव्हरच्या बाबतीतही एक गोष्ट समजून घ्यावी. यंत्र आज तुम्ही जिथं काठी टेकवता ती जागा सेंटिमीटरमध्ये सांगतं. जुनी हद्द कुठं होती हे त्याला माहीत नसतं. ती हद्द मोजली गेली आण्यांत, दोन-दोन फुटांच्या मापात. म्हणून चांगला सर्व्हेयर आल्या आल्या यंत्र उघडत नाही. तो आधी जुने दगड शोधतो. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, शेजारच्या नंबरचे न हललेले कोपरे, जुन्या माणसांना माहीत असलेल्या खुणा. त्यांच्यातली अंतरं टिप्पणाशी जुळली की मगच तुमचा हरवलेला कोपरा काढायला घेतो. यात अर्धा दिवस जातो आणि लोकांना वाटतं साहेब नुसते हिंडतायत. हिंडू द्या त्यांना. शेजाऱ्यांना नोटीस जाते तीही याचसाठी, त्यांच्या बाजूचे दगड त्यांनाच माहीत असतात.

उंची मोजणाऱ्या ऑटो लेव्हलचं थोडक्यात सांगतो, कारण ते हद्दीच्या कामाचं नाही, पाण्याच्या कामाचं आहे. दुर्बिणीतून दिसणारी रेघ आडवी असते. समोरच्या मोजपट्टीवर एका जागी 1.20 आणि दुसऱ्या जागी 1.85 दिसलं तर दुसरी जागा 65 सेंटिमीटर खोल. यंत्र दोन्ही जागांच्या साधारण मध्ये ठेवावं, म्हणजे यंत्रातली बारीक चूक आपोआप कटते. भाताची खाचरं सारखी करायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये एवढंच.

शिकायचं असेल तर यंत्र नाही म्हणून थांबू नका. 30 मीटरचा टेप, चार खुंट्या, सुतळी आणि दोन मित्र पुरेत. कापणी झालेल्या रानात कबड्डीचं मैदान आखा: 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. कोपऱ्यात काटकोन काढायला एका अंगाला 3 मीटरवर खूण, दुसऱ्या अंगाला 4 मीटरवर. दोन्ही खुणांमधलं अंतर 5 मीटर भरलं की कोपरा काटकोनात आला. चारी खुंट्या ठोकून झाल्या की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण 16.40 मीटर यायला हवेत. पहिल्या खेपेला बहुतेक येणार नाहीत, एक 16.25 येईल आणि एक 16.55. म्हणजे बाज कलली आहे. लांब कर्णाच्या टोकाची एक खुंटी उपटा, आत घ्या, बाजू पुन्हा मोजा, कर्ण पुन्हा मोजा. अंधार पडायच्या आत दोन्ही आकडे बोटभर अंतरात आले तर दुसऱ्या दिवशी आपल्या स्वतःच्या शेताचं टिप्पण घेऊन रानात जायला हरकत नाही.